मिरचीची सव्वाशेची बेरीज

थंडीत मटकीला मोड यायला उशीर लागतो, हे घरोघरी ठाऊक असतं. उन्हाळ्यात एका रात्रीत काम होतं. पौषात मात्र पुरचुंडी पिठाच्या डब्यात नाहीतर रजईत दडवून ठेवावी लागते. मिरचीच्या बियांचंही असंच असतं, हे मला गच्चीवरचे दोन हिवाळे वाया गेल्यावर उमगलं.

इंदूरला संक्रांत आटोपली की उन्हाळी भाज्यांची रोपं करायची घाई होते. दुपारी पारा २६ अंशांपर्यंत चढतो, स्वेटर नकोसा होतो. मी त्याच भरात मिरची पेरली, रोज पाणी घातलं. तीन आठवड्यांनी माती उकरून पाहिली तर बिया काळपट, मऊ पडलेल्या. दोन्ही वेळा मी बियाण्यालाच दोष दिला. तिसऱ्या वर्षी किमान-कमाल दाखवणारा थर्मामीटर ट्रेशेजारी ठेवला आणि रोज सकाळी दोन आकडे वहीत लिहू लागले. दुपारच्या उबेत ज्याचा पत्ता लागत नव्हता, ते त्या आकड्यांत दिसलं: रात्री पारा ६-७ अंशांवर उतरत होता.

मटकीचे बहुतेक अन्न तिच्या दोन जाड डाळिंब्यांतच असतं, म्हणून पाणी मिळताच कोंब लवकर बाहेर पडतो. मिरचीचा अंकुर बीमध्ये वेटोळं करून बसलेला असतो आणि मुळाच्या टोकासमोर अन्नपेशींचा घट्ट पापुद्रा असतो. काही एन्झाइम, म्हणजे बीमधल्या रासायनिक क्रियांना वेग देणारी प्रथिनं, तो पापुद्रा मऊ करतात, तेव्हा कुठे मूळ वाट काढतं. एन्झाइमचा वेग उबेवर ठरतो. सतत १५ अंश तापमान असेल तर मिरची उगवायला सुमारे २५ दिवस लागतात, २० अंशांना साडेबारा, २५ अंशांना साडेआठच्या आतबाहेर. १० अंशांवर ती उगवतच नाही.

आता प्रत्येक तापमानातून १० वजा करा आणि उरलेल्याला दिवसांनी गुणा. ५ गुणिले २५, सव्वाशे. १० गुणिले साडेबारा, सव्वाशे. १५ गुणिले साडेआठ, जवळपास तेवढेच. पहिल्यांदा हा हिशेब जुळला तेव्हा मी वही बाजूला ठेवून नुसती बघत राहिले. बी तारीख मोजत नाही, ऊब साठवतं! उष्णतेची अशी बेरीज पिकांना लावण्याची कल्पना फ्रान्सचा शास्त्रज्ञ रेओम्यूर याने १७३५ मध्येच मांडली होती. तीस अंशांच्या पुढे हा हिशेब बिघडतो, पण माघातल्या गच्चीवर ती वेळ येत नाही.

घरी हे करणं सोपं आहे. दिवसाचं कमाल आणि किमान मिळवा, दोनाने भागा, १० वजा करा. थंडीच्या लाटेत २२ आणि ६ असेल तर हाती ४ येतात. त्या गतीने सव्वाशेला महिना लागेल, आणि तेवढ्यात ओल्या गार मातीतली बुरशी बी गिळून टाकते. फेब्रुवारीच्या शेवटी ३० आणि १४ असेल तर रोज १२, म्हणजे दहा-अकरा दिवस. ओली माती हवेपेक्षा थोडी गारच असते, हे लक्षात ठेवून पाणी दुपारी आणि बेताने घालावं. आकडा मातीचाच घेता आला तर उत्तम.

थांबायचं नसेल तर ऊब आणून द्यावी. याच शहरात १९२४ मध्ये ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री सुरू केली आणि पालापाचोळा, शेण, राख आणि गोमूत्र मुरलेली माती थरांनी रचून खत करण्याची पद्धत बसवली. ती जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. नव्या ढिगात सूक्ष्मजीव कामाला लागले की तो चांगलाच तापतो. माझा ट्रे आता रात्री खताच्या ड्रमवर, मध्ये एक फळी घालून, पोत्याखाली असतो.

वहीत बियाण्याच्या पाकिटाचा तुकडा चिकटवते, त्यावर पेरणीची तारीख. पुढे रोजचे दोन आकडे आणि बेरीज. किती पेरल्या, किती उगवल्या. गिलकी आणि दुधी यांची पानं वेगळी, त्यांना मिरचीपेक्षा जास्त ऊब लागते.

यंदा मिरची रथसप्तमीला पेरली. आज सकाळी बेरीज ११८ झाली, आणि ट्रेच्या कोपऱ्यात एका ठिकाणी माती किंचित वर उचललेली दिसते आहे.