डिस्क ठणठणीत, तरी सर्व्हर रेंगाळतो

स्टोरेज सर्व्हर मंदावला की पहिला संशय डिस्कवर जातो. पण कधी सगळ्या डिस्कचे दिवे हिरवे असतात, डिस्क स्वतःच्या तब्येतीचा देते तो स्मार्ट अहवाल स्वच्छ असतो, नेटवर्क मोकळे असते. फाइल पटकन उघडते, सेव्ह करताना मात्र सगळे अडते. असे दिसले की रेड कंट्रोलरची, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून चालवणाऱ्या कार्डाची, बॅटरी तपासावी.

कंट्रोलरवर स्वतःची रॅम असते, बहुधा 512 एमबी ते काही जीबी. हीच त्याची कॅश. 'राइट-बॅक' पद्धतीत डेटा या रॅममध्ये पोचताच कंट्रोलर 'लिहिले' असे कळवून मोकळा होतो आणि डिस्कवर सवडीने उतरवतो. मध्येच वीज गेली तर रॅम पुसली जाईल, म्हणून सोबत बहुधा लिथियम-आयन बॅटरी असते. बॅटरीचा भरवसा संपला की कंट्रोलर आपणहून 'राइट-थ्रू'वर जातो, म्हणजे डेटा खरोखर डिस्कवर पोचेपर्यंत होकारच देत नाही. सावधगिरी म्हणून हे योग्यच आहे, फक्त त्याची दवंडी पिटली जात नाही.

फरक किती पडतो? 7200 आरपीएमची डिस्क सेकंदाला 120 फेऱ्या मारते, एक फेरी 8.3 मिलिसेकंदांची. रेड 5 मध्ये डेटा अनेक डिस्कवर विभागलेला असतो आणि एखादी डिस्क गेली तर तो परत मिळवण्यासाठी पॅरिटी नावाची जादा माहिती ठेवलेली असते. त्यात छोटा तुकडा बदलायचा तर जुना डेटा आणि जुनी पॅरिटी वाचायची, नवी पॅरिटी काढायची आणि दोन्ही परत लिहायचे. वाचलेल्या जागीच लिहायचे असल्याने तबकडीची आणखी एक पूर्ण फेरी थांबावे लागते. हेड ट्रॅकवर न्यायला साधारण 8, जागा खाली येईपर्यंत सरासरी 4, वर ही फेरी 8, असे एका छोट्या लेखनाला सुमारे 20 मिलिसेकंद जातात. कॅश चालू असताना तेच काम एका मिलिसेकंदाच्या आत आटोपते. शिवाय कॅशमध्ये साठलेले शेजारचे तुकडे जोडून पूर्ण स्ट्राइप, म्हणजे सर्व डिस्कवर पसरलेला एक पट्टा, एकदम लिहिता येते, तेव्हा जुने काही वाचावेच लागत नाही. हा फायदाही राइट-थ्रूमध्ये जातो. सर्वाधिक झळ डेटाबेस आणि व्हर्च्युअल मशीनना लागते.

लिनक्सवर डिस्कचे काम मोजणाऱ्या आयओस्टॅट या साधनाच्या सविस्तर अहवालात लेखनाचा प्रतीक्षाकाळ चढलेला दिसतो. रांग तुंबली की वाचनही खोळंबते, त्यामुळे फसगत होऊ शकते. खात्री कंट्रोलरच्या साधनातूनच होते: मेगासीएलआय, स्टोरसीएलआय, डेलसाठी पर्कसीएलआय, एचपीसाठी एसएसएसीएलआय. मेगासीएलआयमध्ये व्हर्च्युअल डिस्कच्या, म्हणजे कंट्रोलरने जोडून दाखवलेल्या एकत्रित डिस्कच्या, माहितीत 'डिफॉल्ट' (ठरवून दिलेले) आणि 'करंट' (सध्या चालू असलेले) अशी दोन कॅश धोरणे दिसतात. पहिले राइट-बॅक आणि दुसरे राइट-थ्रू असेल, तर बॅटरीची स्थिती लगेच बघावी.

मात्र मंदपणा ठरावीक अंतराने येऊन काही तासांत आपोआप जात असेल, तर बॅटरी खराबच असेल असे नाही. क्षमता मोजण्यासाठी काही कंट्रोलर बॅटरी पूर्ण उतरवून पुन्हा भरतात. याला लर्न सायकल म्हणतात आणि तेवढा वेळ बरेच कंट्रोलर राइट-थ्रूवर असतात. शक्य असेल तिथे ही वेळ रात्रीची ठेवावी. पेट्रोल रीड (डिस्कची पार्श्वभूमीत होणारी तपासणी) किंवा रीबिल्ड (बदललेल्या डिस्कवर डेटा पुन्हा उभारणे) चालू नाही ना, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

बॅटरी खराब असतानाही राइट-बॅक सक्तीने चालू ठेवण्याची सोय बहुतेक कंट्रोलरमध्ये असते. मोह होतो, पण वीज गेली तर 'लिहिले' म्हणून सांगितलेला डेटाच नाहीसा होतो आणि फाइल सिस्टीम किंवा डेटाबेस मोडू शकतो. यूपीएस असला तरी आतला पॉवर सप्लाय जळाला किंवा केबल निघाली तर त्याचा काय उपयोग?

बॅटरी बदलण्याआधी बॅकअप घ्यावा, धोरण स्वतःहून राइट-थ्रू करावे आणि सर्व्हर नीट बंद करून सगळ्या पॉवर केबल काढाव्यात. कॅशमध्ये न लिहिलेला डेटा असल्याचा दिवा कार्डावर लुकलुकत असेल तर बॅटरीला हात लावू नये. सर्व्हर पुन्हा चालू करून तो डेटा डिस्कवर उतरू द्यावा. अँटिस्टॅटिक पट्टा बांधून कनेक्टर हळुवार सोडवावा. फुगलेली बॅटरी दाबू किंवा टोचू नये, ई-कचऱ्यात द्यावी. नवीचा पार्ट क्रमांक कार्डाशी जुळवावा आणि निर्मितीची तारीखही बघावी, कारण लिथियम बॅटरी कपाटात पडूनही म्हातारी होते.

नवी बॅटरी बसवताच वेग परतत नाही. ती पुरेशी चार्ज व्हायला काही तास लागतात. तोवर राइट-थ्रूच दिसेल, म्हणून घाईने दुसरी मागवू नये. मग धोरण परत राइट-बॅक करावे. 'करंट' धोरणही तसे दिसू लागले की एफआयओ या वेग मोजणाऱ्या साधनाने वेगळ्या चाचणी फाइलवर 4 केबीचे रँडम लेखन मोजून आधीच्या आकड्याशी ताडून पाहावे.