फोन म्हणतो ४७, वेधशाळा म्हणते ४४

एप्रिल तापायला लागला की जळगाव-भुसावळकडे रसवंतीवर एक वाद हमखास रंगतो. एकाच्या फोनवर ४७ अंश, दुसऱ्याच्या गाडीच्या डॅशबोर्डवर ४९, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात बघावं तर ४४! ‘कितलं तपी ऱ्हायनं भाऊ!’ म्हणत घाम पुसणाऱ्याला ते ४४ पटणार कसे? मग कुणीतरी ठामपणे सांगतो, पन्नाशी गाठली की सुट्टी द्यावी लागेल, म्हणून सरकार आकडा दडवतं. दडवायचंच असतं तर १९ मे २०१६ रोजी राजस्थानातल्या फलोदीत ५१ अंश नोंदले गेले, ते हवामान खात्याने जाहीर कशाला केले असते?

खरी गोम तापमापकात आहे. तापमापक फक्त स्वतःचं तापमान सांगतो. तो उन्हात टांगला की ऊन त्याची काच आणि पारा तापवतं आणि आपण त्याला हवेचं तापमान समजून बसतो. वेधशाळेला हवी असते ती हवा. म्हणून तिथे तापमापक एका पांढऱ्या लाकडी पेटीत ठेवतात. पेटीच्या भिंती तिरप्या पट्ट्यांच्या, त्यातून वारा खेळतो पण ऊन आत येत नाही. ती जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंच, मोकळ्या जागेत, भिंती-डांबरापासून लांब असते. ही रचना थॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश अभियंत्याची. त्याचा मूळ धंदा दीपगृहं बांधण्याचा. पेटीचं दार उत्तरेला ठेवतात, म्हणजे उघडलं तरी आत ऊन पडत नाही. खानदेशात यात एक गंमत आहे. आपण २१ अक्षांशावर, त्यामुळे मेअखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत भरदुपारचा सूर्य आपल्या किंचित उत्तरेलाच असतो.

गाडीचा सेन्सर बंपरपाशी, तापलेल्या डांबरापासून हातभर अंतरावर असतो. त्याने ४९ दाखवले तर तो खोटं बोलत नाही, रस्त्यालगतची हवा खरंच तेवढी तापलेली असू शकते. फोनची गोष्ट वेगळी. बाहेरची हवा मोजायचं साधन त्यात नसतंच. आत जो सेन्सर असतो, तो बॅटरी आणि चिप किती तापली ते बघण्यासाठी. अ‍ॅपवरचा आकडा संगणकाने काही किलोमीटरच्या चौकोनासाठी काढलेला अंदाज असतो. शेजारीशेजारी बसलेल्या दोघांच्या फोनवर दोन आकडे दिसतात ते त्यामुळेच.

काही अ‍ॅप ‘जाणवणारं तापमान’ ठळक दाखवतात, त्याने गोंधळ आणखी वाढतो. मे महिन्यात आपली हवा कोरडी ठणठणीत. घाम लगेच उडतो, कुलरही झकास चालतो, कारण दोन्हींचं तंत्र एकच: पाणी उडताना उष्णता घेऊन जातं. जूनमध्ये पारा ३५ वर उतरतो खरा, पण आर्द्रता ६५ टक्क्यांवर गेली की घाम उडेनासा होतो आणि जाणवणारं तापमान ४५ च्या आसपास निघतं. कुलर तेव्हा नुसता दमट वारा फेकतो. कुलरवाल्याला शिव्या घालून उपयोग नाही.

हिवाळ्यात हाच वाद उलटा होतो. नंदुरबारच्या सातपुड्यात, डाब-तोरणमाळकडे, जानेवारीतल्या एखाद्या पहाटे गवतावर आणि जीपच्या टपावर पांढरा थर दिसतो. दव गोठलं, फोटो फिरले, आणि तापमापक मात्र शून्याच्या वर. खोटं कोण? कुणीच नाही. रात्री आकाश निरभ्र, हवा कोरडी आणि वारा पडलेला असला की गवताचं पातं, पत्रा, माती आपली उष्णता सरळ आकाशाकडे फेकत राहतात. त्यामुळे भोवतालच्या हवेपेक्षा ही पृष्ठं काही अंशांनी जास्त गार होतात. पेटीतला तापमापक सव्वा मीटरवरच्या हवेचं सांगतो, दव गोठतं ते जमिनीलगत. या फरकासाठी वेधशाळांत गवताच्या उंचीवर, उघड्यावर ठेवायचा वेगळा किमान तापमापकही असतो. म्हणजे मे महिन्यात ऊन खाऊन तापणारी वस्तू आणि जानेवारीत उष्णता सोडून गारठणारी वस्तू, दोन्हीकडे भांडण हवेचं नाहीच, वस्तूचं आहे.

पावसाच्या अंदाजावर चिडणाऱ्यांसाठी एवढंच: ‘तुरळक ठिकाणी’ हा हवामान खात्याचा मोजून-मापून ठरवलेला शब्द आहे. त्या भागातल्या फार तर एक चतुर्थांश केंद्रांवर पाऊस, असा त्याचा अर्थ. तेव्हा चार गावांपैकी तीन कोरडी राहिली तरी अंदाज बरोबरच.

रावेर, यावल, सावद्याकडच्या केळीच्या पट्ट्यात मात्र एका अंशाचा वाद करमणुकीचा नाही. हवामानावर आधारित फळपीक विम्यात पारा ठरलेल्या अंशांच्या वर किंवा खाली, ठरलेले दिवस सलग राहिला, तरच भरपाई मिळते. हा पारा शेतकऱ्याच्या बागेतला नसतो, महसूल मंडळातल्या, म्हणजे काही गावांच्या गटातल्या, स्वयंचलित हवामान केंद्राचा असतो. बागेत घड करपलेले आणि केंद्राचा आकडा मर्यादेच्या आतच, असं झालं की माणूस खवळणारच. आणि इथे त्याची केंद्राच्या आकड्यावरची शंका रास्त आहे असं मला वाटतं. ठिबकवरची दाट केळी पानांतून सतत पाणी उडवते, त्यामुळे तिच्या आतली दुपारची हवा उघड्या, नांगरलेल्या काळ्या रानापेक्षा थंड असते. बागेला वाऱ्याची आड म्हणून शेवरी किंवा गजराज गवत लावलेलं असेल तर हवा आणखी कोंडते. एकाच मंडळात दोन शिवारांत एकाच वेळी वेगवेगळं तापमान असू शकतं. त्यात यंत्रंही चुकतात. २९ मे २०२४ रोजी दिल्लीतल्या मुंगेशपूरच्या स्वयंचलित केंद्राने ५२.९ अंश दाखवले. देशभर गवगवा झाला, आणि तपासणीत सेन्सर ३ अंश जास्त दाखवत असल्याचं हवामान खात्यानेच सांगितलं. तो चढा बोलत होता म्हणून लक्ष गेलं. एखादा सेन्सर तीन अंश कमी दाखवत राहिला तर त्याची बातमी कोण करणार?

तेव्हा मंडळाचा आकडा पटला नाही तर मोटारसायकल काढून केंद्र बघून यावं. सेन्सरच्या पांढऱ्या झाकणावर धूळ साचली आहे का, वेल चढला आहे का, शेजारी पत्र्याचं शेड किंवा पाणी भरलेलं शेत आहे का, ते बघावं. फोटो काढून तारीख-वेळेसह विम्याच्या अर्जाला जोडावेत. आपला तापमापक लावायचा तर तोही सावलीत, वारा लागेल असा, सव्वा मीटर उंचीवर लावावा आणि दुपारी अडीच ते साडेतीनच्या दरम्यान वाचावा. आपल्याकडे मे महिन्यात सूर्य माथ्यावर येतो तो १२ वाजून २५ मिनिटांच्या सुमारास, पण तापलेली जमीन हवेला त्यानंतरही दोन-तीन तास तापवत असते. उन्हात टांगलेल्या तापमापकाचा आकडा घेऊन गेलात तर विमा कंपनीचा माणूस पहिल्याच मिनिटाला तुमचा अर्ज बाजूला सारेल.