घरगुती कॉफी (बडोदा)

घरगुती कॉफी म्हणजे बडोद्यातल्या मराठी घरांत दूध, साखर आणि कॉफी पावडर एकत्र उकळून वरून जायफळ किसून देतात ती, आणि आता त्याच ओट्यावर येऊन बसलेली फिल्टर, फ्रेंच प्रेस (पूड भिजवून जाळीने खाली दाबायचं भांडं), मोका पॉट (गॅसवर वाफेच्या दाबाने कॉफी काढणारं भांडं) वगैरे मंडळीसुद्धा. दांडिया बाजार, रावपुऱ्याकडच्या जुन्या घरांत रोजचा मान चहाचा, कॉफी निघते ती पाहुण्यांसाठी, उपवासाला किंवा परीक्षेच्या दिवसांत रात्री जागायचं असेल तेव्हा. त्यामुळे करायची पद्धतही चहाचीच लागली, सगळं एका पातेल्यात टाकायचं आणि खळखळ उकळू द्यायचं. चहाच्या पत्तीला ते चालतं. कॉफी मात्र फार उकळली की कडू होते आणि वास उडून जातो, मग तो कडूपणा मारायला आणखी साखर घालतात आणि शेवटी फक्त गोड दूध पिणं होतं.

कॉफी ही एका झाडाच्या लालबुंद फळातली बी. बहुतेक फळांत दोन बिया असतात, कधी एकच गोल बी निघते तिला पीबेरी म्हणतात. हिरव्या बीला आपल्या ओळखीचा वास अजिबात नसतो, तो येतो 200 अंश सेल्सियसच्या आसपास भाजल्यावर. भारतात मुख्य जाती दोन: अरेबिका नाजूक, सुगंधी आणि थोडी आंबटसर, रोबस्टा दणकट, कडवट आणि कॅफिनला साधारण दुप्पट. सतराव्या शतकात बाबा बुदान यांनी येमेनहून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या अशी दंतकथा आहे, आणि देशातली सुमारे 70 टक्के कॉफी आजही कर्नाटकातच पिकते. कॉफी बोर्ड 1942 सालचं, त्याचं मुख्यालय बंगळुरूला.

गुजरातेत कॉफी होत नाही पण चिकोरी होते, जामनगरकडे आणि इथून जवळ आणंद-खेडा पट्ट्यात. हे कंद असतात, मुळ्यासारखे जमिनीत वाढतात, कापून वाळवून भाजले की गडद रंगाची कडवट-गोड पूड होते आणि तीच दक्षिणेच्या फिल्टर कॉफीत मिसळतात. चिकोरीत कॅफिन नसतं. तिने रंग आणि दाटपणा येतो, शिवाय ती कॉफीपेक्षा स्वस्त. नियमाप्रमाणे मिश्रणात निदान 51 टक्के कॉफी पाहिजे आणि प्रमाण पाकिटावर छापावं लागतं, तेव्हा पाकीट उलटून वाचायचं. 80-20 (80 कॉफी, 20 चिकोरी) दुधाच्या कॉफीला मस्त लागते, 53-47 मध्ये कॉफी शोधावी लागते, आणि काळी प्यायची असेल तर चिकोरी नकोच.

चांगल्या कपाचं गणित तसं सोपं आहे. 1 लिटर पाण्याला 60 ग्रॅम कॉफी, म्हणजे 250 मिलीच्या मगाला 15 ग्रॅम. चमच्याचा भरवसा धरू नये, बारीक पूड चमच्यात जास्त मावते आणि जाड कमी, त्यापेक्षा छोटा वजनकाटा बरा. पाणी 90 ते 96 अंश पाहिजे, म्हणजे उकळी आली की गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबायचं आणि मग ओतायचं. फ्रेंच प्रेसला जाड रव्याइतकी दळलेली कॉफी आणि 4 मिनिटं, कागदी फिल्टरवर धार धरून करायची असेल तर त्याहून बारीक आणि साधारण 3 मिनिटं. सुरुवातीला पूड नुसती भिजेल इतकंच पाणी घालून अर्धा मिनिट सोडली की ती फुगते, कारण भाजताना आत अडकलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. अजिबात फुगलीच नाही तर बहुतेक कॉफी शिळी आहे. आंबट आणि पाणचट लागली तर अर्क कमी उतरलाय, पुढच्या वेळी बारीक दळा किंवा वेळ वाढवा. कडू आणि घसा कोरडा करणारी लागली तर उलटं करायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर काय सुधारलं ते कळतच नाही.

पाण्याचं कुणी बोलत नाही, पण कपात सगळ्यात जास्त तेच असतं. बडोद्याला पाणी सयाजीरावांच्या काळातल्या आजवा तलावातून आणि मही नदीच्या पात्रातल्या फ्रेंच वेल म्हणजे खोल विहिरींतून येतं, आणि बऱ्याच सोसायट्यांत वर बोअरचंही असतं. बोअरचं जड पाणी कॉफीची चव बोथट करतं. आरओचं पाणी उलट इतकं मोकळं असतं की कॉफी फिकी लागते, कारण अर्क उतरायला थोडे क्षार लागतातच. टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) 150 च्या आसपास असेल तर उत्तम, म्हणून आरओच्या पाण्यात थोडं साधं गाळलेलं नळाचं पाणी मिसळून बघायला हरकत नाही.

दुधाची कॉफी हवी असेल तर (आणि इथे बहुतेकांना तीच हवी असते, उगाच काळी कॉफी पिऊन तोंड वाकडं करायची गरज नाही) कॉफी आणि दूध वेगवेगळं करा. दक्षिणी फिल्टर म्हणजे एकावर एक दोन भांडी, वरच्याच्या बुडाला बारीक भोकं; त्या वरच्या भांड्यात 20 ग्रॅम पूड, हलकी दाबून, वर 100-120 मिली गरम पाणी, झाकण लावून 15-20 मिनिटं विसरून जायचं. खाली उतरतं ते डिकॉक्शन. कपाला 30-40 मिली डिकॉक्शन आणि तिप्पट गरम दूध. फुल क्रीम दुधात 6 टक्के फॅट असतं, ते कॉफीची चव दाबून टाकतं, तेव्हा डिकॉक्शन दाट घ्या किंवा टोन्ड दूध वापरा. डिकॉक्शन पुन्हा गॅसवर ठेवायचं नाही, दूधच कडकडीत तापवून त्यात ओतायचं.

जायफळ अगदी शेवटी, कपात, दोन-चार वेळा किसलं की पुरे. दुधात आधीपासून उकळलं तर वास मंद होतो. जायफळाने झोप येते असं आजी सांगायच्या आणि कॉफी जागं राहायला, दोन्ही एका कपात का घालतात ते तेच जाणोत. लागतं मात्र छान.

इन्स्टंट म्हणजे आधीच काढून वाळवलेली कॉफी, तिचा अर्क पुन्हा उतरवायचा नसतो, त्यामुळे ती उकळण्यात काहीच अर्थ नाही. फेटायची असेल तर कॉफी, साखर आणि गरम पाणी सारखं घेऊन फिकट होईपर्यंत फेटायचं. अलकापुरी, फतेहगंजच्या कॅफेत मिळते ती एस्प्रेसो वेगळीच, तिला पुडीतून पाणी ढकलायला 9 बार (हवेच्या दाबाच्या साधारण नऊपट) दाब लागतो. घरचा मोका पॉट (1933 सालचा इटालियन शोध) तेवढा दाब देत नाही, कॉफी दाट आणि झकास होते पण ती एस्प्रेसो नव्हे. सुरतेचं कोल्ड कोकोही कॉफी नव्हे, ते नुसतं कोको आणि दूध.

पूड हवाबंद डब्यात, ओट्यापासून लांब ठेवायची. फ्रीजमधून सारखी काढघाल केली की ओल धरते, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात तर दोन दिवसांत गठ्ठा होतो, तेव्हा आठवड्यापुरतीच दळून आणावी. फिल्टरची भोकं चिकोरीने बुजली आणि डिकॉक्शन उतरेना, तर वरचं भांडं सांडशीत धरून बूड गॅसच्या ज्योतीवर फिरवायचं, अडकलेली पूड जळून भोकं मोकळी होतात, मग गार झाल्यावर धुवायचं.