शॅमेलिऑनचा श्वसनविकार : ओळख, पहिली काळजी आणि उपचार

आमच्याकडून जाळीचे पिंजरे, दिवे आणि पाण्याच्या फवाऱ्याची साधने नेणाऱ्या ग्राहकांपैकी बहुतेकांच्या घरी व्हेल्ड जातीचा शॅमेलिऑन (रंग बदलणारा सरडा) आहे, तर काहींच्या घरी पँथर जातीचा. पावसाळा सुरू झाला की त्यांच्याकडून एकच प्रश्न वारंवार येतो : सरडा तोंड उघडे ठेवून बसला आहे, त्याला काही झाले असेल का? फोनवरून या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर देता येत नाही. मात्र काय पाहायचे आणि कशाची वाट पाहत बसायचे नाही, हे आधीच माहीत असेल तर बरेच जीव वाचू शकतात, म्हणून हे पत्रक तयार केले आहे. येथे दिलेली तापमाने व्हेल्ड आणि पँथर या दोन जातींसाठी आहेत. जॅक्सन शॅमेलिऑन थंड डोंगराळ भागातला असल्याने त्याला ती जशीच्या तशी लावू नयेत.

या प्राण्याला श्वसनाचा आजार इतका का भोवतो, हे त्याच्या शरीररचनेवरून कळते. शॅमेलिऑनला आपल्यासारखे मध्यपटल नसते, त्यामुळे जोराने खोकून कफ बाहेर टाकणे त्याला जमत नाही. त्याची फुप्फुसे पिशवीसारखी असतात आणि त्यांच्यापासून निघणारे पोकळ फाटे पोटाच्या पोकळीत दूरवर गेलेले असतात. फुप्फुसात तयार झालेला स्राव या खोलगट भागांत उतरतो आणि तेथेच साचून राहतो. शिवाय सरपटणाऱ्या प्राण्यांचा पू पातळ नसतो. तो पनीरच्या चुऱ्यासारखा घट्ट होतो आणि आपोआप वाहून जात नाही. त्यामुळे माणसाची सर्दी चार दिवसांत उतरते तशी याचीही उतरेल, असे समजून थांबणे धोक्याचे आहे. त्यातच शिकाऱ्याच्या नजरेत येऊ नये म्हणून हा प्राणी अशक्तपणा शेवटपर्यंत लपवतो. घरघर कानावर येते तेव्हा आजार बहुधा बराच पुढे गेलेला असतो.

उघडे तोंड : नेहमीचे कोणते, आजाराचे कोणते

उन्हाच्या दिव्याखाली बसलेला शॅमेलिऑन अंग तापले की रंगाने फिकट होतो आणि तोंड किंचित उघडून उष्णता बाहेर टाकतो. थोड्या वेळाने तो सावलीतल्या फांदीवर सरकतो आणि तोंड मिटतो. हे पूर्णपणे नैसर्गिक आहे. फार तर दिवा एखादी वीत वर घ्यावा लागेल. हात पुढे केल्यावर गळा फुगवून, फुत्कारत आ वासणे हा राग आहे. कात टाकण्याच्या दिवसांत अंग फुगवणे किंवा मोठा किडा गिळल्यानंतर जबडा ताणणे यातही काळजीचे काही नाही.

आजारी प्राण्याचे तोंड उघडते ते वेगळ्या वेळी आणि वेगळ्या ठिकाणी. सकाळी दिवा लावण्यापूर्वी किंवा भरदुपारी पिंजऱ्याच्या खालच्या, थंड भागात तो मान लांब करून आणि नाक छताकडे उचलून बसलेला दिसतो. तोंड अर्धवट उघडे असते, बरगड्यांच्या जागी अंग श्वासागणिक आत-बाहेर होत असते आणि प्रत्येक श्वासासाठी त्याला जोर लावावा लागतो. श्वासमार्ग सरळ होऊन थोडी तरी हवा आत जावी म्हणून तो नाक वर उचलतो. हे चित्र दिसले तर दुसरे कोणतेही लक्षण दिसण्याची वाट पाहू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

तोंडाच्या आत पाहण्याची सर्वांत चांगली वेळ म्हणजे खाऊ घालण्याची. जीभ फेकण्यासाठी तो स्वतःहून जबडा उघडतो, तेव्हा लहान बॅटरीचा उजेड बाजूने टाकावा. निरोगी तोंडाचे अस्तर स्वच्छ आणि ओलसर असते आणि श्वासनलिकेची बारीक फट उघडझाप करताना दिसते. वरच्या आणि खालच्या जबड्याच्या मध्ये ताणल्या जाणाऱ्या चिकट तारा, फटीपाशी जमलेले बुडबुडे किंवा हिरडीलगत पांढरट-पिवळा थर दिसला तर संसर्ग असण्याची दाट शक्यता आहे. तोंड बघण्यासाठी जबडा बोटाने किंवा चमच्याने उघडण्याचा प्रयत्न कृपया करू नये. त्यात जबड्याला इजा होऊ शकते आणि आधीच धापा टाकणाऱ्या प्राण्यावर आणखी ताण येतो.

नाकपुडीभोवती दिसणाऱ्या कोरड्या पांढऱ्या पापुद्र्याला मात्र बरेच ग्राहक विनाकारण घाबरतात. व्हेल्ड शॅमेलिऑन शरीरातील जादा क्षार नाकातील ग्रंथींवाटे बाहेर टाकतो आणि ते वाळून तेथे बसतात. कोरडा पापुद्रा म्हणजे क्षार. ओला, चिकट किंवा फेसाळ स्राव म्हणजे आजार.

श्वासाबरोबर चट् चट् असा आवाज, बारीक शिट्टी किंवा घरघर ऐकू आली तर मोबाईल जाळीजवळ धरून अर्धा मिनिट ध्वनिचित्रण करून ठेवावे. दवाखान्यात पोहोचल्यावर घाबरलेला प्राणी असा आवाज काढेलच असे नाही, आणि डॉक्टरांना या चित्रफितीचा खरोखर उपयोग होतो.

याखेरीज एक गोष्ट आम्ही प्रत्येक ग्राहकाला आवर्जून सांगतो : निरोगी शॅमेलिऑन दिवसा झोपत नाही. उजेड असताना डोळे मिटून बसलेला प्राणी आजारी आहे असेच धरून चालावे, मग कारण श्वसनाचे असो वा दुसरे कोणतेही. भूक मंदावणे, अंग सतत काळपट राहणे आणि फांदीवरची पकड सैल होणे ही पुढची लक्षणे आहेत. वजनातील घट डोळ्यांना उशिरा दिसते. यासाठी एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा वेगळा ठेवून दर आठवड्याला एकाच वेळी वजन घ्यावे आणि ते तारखेसह लिहून ठेवावे.

आजार येतो कुठून

स्यूडोमोनास, क्लेब्सिएला यांसारखे जिवाणू या आजारात वारंवार सापडतात. ओल्या पिंजऱ्यात आणि साचलेल्या पाण्यात असे जिवाणू सहज वाढतात. प्राण्याची प्रतिकारशक्ती घसरली की ते फुप्फुसात मूळ धरतात. बुरशी, विषाणू आणि जंगलातून पकडलेल्या प्राण्यांत फुप्फुसातील कृमी हीसुद्धा कारणे असू शकतात. आहारात अ जीवनसत्त्व दीर्घकाळ कमी पडले तर श्वासमार्गाचे अस्तर जाड आणि कोरडे होते व संसर्गाला वाट मिळते. मात्र या जीवनसत्त्वाची मात्रा जास्त झाली तरी अपाय होतो, त्यामुळे त्याचे थेंब स्वतःच्या अंदाजाने देऊ नयेत.

आपल्याकडे पिंजऱ्यातील हवा हे फार मोठे कारण ठरते. व्हेल्ड शॅमेलिऑन मूळचा यमन आणि सौदी अरेबियाच्या नैर्ऋत्य भागातला, तर पँथर मादागास्करच्या उत्तर आणि पूर्व किनाऱ्याकडचा. व्हेल्डच्या मूळ प्रदेशात रात्री गारवा आणि दव असते, पण दिवस उजाडल्यावर हवा वाहती असते आणि पाने सुकतात. मुंबई, ठाणे, कोकण आणि गोव्यात जुलैमध्ये दिवसासुद्धा आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर राहते. अशा वेळी खिडक्या बंद, पिंजरा काचेचा, आत दिव्याची ऊब आणि वर फॉगर (पाण्याचे धुके सोडणारे यंत्र) चालू, म्हणजे जिवाणूंची सगळी सोय आपणच करून दिल्यासारखे होते. म्हणून किनारपट्टीच्या भागात पावसाळ्याचे चार महिने फॉगर बंदच ठेवावा, असे आमचे स्पष्ट मत आहे, जरी फॉगर आम्हीच विकत असलो तरी. फवारणी पहाटे किंवा रात्री, दिवा बंद असताना करावी. सकाळी दिवा लागल्यावर थोड्याच वेळात पाने कोरडी व्हायला हवीत. दुपारपर्यंत पाने ओली राहत असतील तर हवा खेळत नाही असे समजावे. खोलीतला पंखा मंद चालू ठेवावा, पण त्याचा किंवा वातानुकूलन यंत्राचा झोत थेट पिंजऱ्यावर येऊ देऊ नये.

पुणे, नाशिक आणि विदर्भातील ग्राहकांची अडचण उलट, म्हणजे थंडीची असते. रात्रीचे 16 ते 20 अंश सेल्सिअस तापमान निरोगी प्रौढ प्राण्याला मानवते, परंतु डिसेंबर-जानेवारीत बाल्कनीतला पारा 10 च्या आसपास उतरतो आणि सकाळी वीज गेली तर अंग तापवण्याची संधीही हुकते. थंड अंगात त्याचे पचन आणि प्रतिकारशक्ती दोन्ही मंदावतात.

चेहऱ्यावर जोराचा फवारा मारल्याने किंवा सिरिंजने घाईघाईत पाणी पाजल्याने पाणी श्वासनलिकेत जाते आणि त्यातून न्यूमोनिया होतो. उदबत्ती, धूप, डासांची कॉइल, फोडणीचा ठसका आणि दिवाळीतील फटाक्यांचा धूर यांचाही त्याच्या श्वासमार्गाला त्रास होतो, त्यामुळे पिंजरा देवघर आणि स्वयंपाकघर यांपासून दूर ठेवावा.

डॉक्टरांकडे पोहोचेपर्यंत

ऊब हा पहिला आधार. दिव्याखालच्या फांदीवर 29 ते 31 अंश, पिंजऱ्याच्या इतर भागात दिवसा 25 ते 27 अंश आणि रात्री 23 अंशांच्या खाली नाही, असे तापमान राखावे. रात्री उजेड न देणारा सिरॅमिक हीटर वापरावा आणि तापमान अंदाजाने न ठरवता मापकाने मोजावे. नको तेव्हा सावलीत सरकता येईल अशी थंड बाजू मात्र राहू द्यावी, कारण सगळा पिंजरा तापवला तर प्राणी कोरडा पडतो. फवारणी कमी करून पाणी थेंबाथेंबाने पानावर पडेल अशी सोय करावी. पिंजऱ्यात दुसरा प्राणी असेल तर त्याला वेगळे ठेवावे. आजारी प्राण्याला बळेच खाऊ घालू नये.

घरगुती उपायांबद्दल आम्हाला कळकळीने सांगावेसे वाटते. वाफारा, निलगिरीचे तेल, कापूर, छातीला चोळायचा बाम, मध-हळद यांपैकी काहीही देऊ नये. वाफेने लहानसा जीव भाजतो, उग्र वासाने श्वासमार्ग आणखी सुजतो आणि पाजलेली प्रत्येक गोष्ट श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. घरातल्या मुलाच्या किंवा कुत्र्याच्या औषधातील उरलेले प्रतिजैविक देणेही तितकेच घातक आहे, कारण अपुऱ्या मात्रेने जिवाणू मरत नाहीत आणि नंतर केलेल्या तपासणीत ते नीट सापडतही नाहीत.

नेताना हवेसाठी भोके असलेल्या लहान डब्यात आडवी काठी घट्ट बसवावी, डबा कापडाने झाकावा आणि आत पाणी शिंपडू नये. सरपटणारे प्राणी तपासणारे पशुवैद्य सर्वत्र नसतात, म्हणून प्राणी ठणठणीत असतानाच आपल्या भागातील अशा डॉक्टरांचा शोध घेऊन ठेवावा. विदेशी शॅमेलिऑनची केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश संकेतस्थळावरील नोंदणी 2024 च्या नियमांनुसार आवश्यक आहे; तिची प्रतही जवळ असू द्यावी. आपल्या रानात आढळणारा भारतीय शॅमेलिऑन, म्हणजे सरडगुहिरा, वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली संरक्षित असल्याने घरी पाळता येत नाही. असा जखमी किंवा आजारी प्राणी आढळल्यास वनविभागाला कळवावे.

उपचार आणि त्यानंतर

डॉक्टर बहुधा क्ष-किरण चित्र काढतात आणि स्राव किंवा श्वासनलिकेतील नमुना घेऊन त्यात कोणते जिवाणू आहेत व कोणते औषध त्यांना लागू पडेल, हे तपासून घेतात. या तपासणीचा खर्च टाळू नये, कारण अंदाजाने दिलेले औषध लागू पडले नाही तर तेवढे दिवस वाया जातात आणि या प्राण्याकडे दिवस थोडेच असतात. सेफ्टाझिडिम, एन्रोफ्लॉक्सासिन यांसारखी प्रतिजैविके इंजेक्शनने दिली जातात. शरीराच्या मागच्या भागातील रक्त आधी मूत्रपिंडांकडे जाऊ शकते, म्हणून सुई सहसा पुढच्या भागात टोचतात. एन्रोफ्लॉक्सासिनच्या इंजेक्शनने टोचलेल्या जागी कातडी काळी पडू शकते. तसे झाल्यास डॉक्टरांना कळवावे, मात्र औषध स्वतःहून बंद करू नये. काही वेळा नेब्युलायझरने औषधाचे सूक्ष्म, थंड तुषार दिले जातात. वाफाऱ्याशी त्याचा काही संबंध नाही.

उपचार काही आठवडे चालतात. पहिल्या चार-पाच दिवसांत प्राणी पुन्हा जीभ फेकू लागतो आणि नेमके तेव्हाच अनेक जण इंजेक्शन थांबवतात. त्यानंतर उलटलेला आजार पहिल्यापेक्षा चिवट असतो. इंजेक्शनचा क्रम पूर्ण करावा, डॉक्टर सांगतील तेव्हा क्ष-किरण चित्र पुन्हा काढावे आणि वजन पूर्वीच्या नोंदीपर्यंत पोहोचेपर्यंत दर आठवड्याचे मोजमाप चालू ठेवावे. या काळातही दिव्याची ऊब कमी करू नये, कारण औषध शरीरात कसे पसरते हे अंगाच्या तापमानावर अवलंबून असते.

उपचार चालू असतानाच पिंजराही स्वच्छ व्हायला हवा. खालची माती काढून टाकावी, फांद्या धुऊन उन्हात कडक वाळवाव्यात आणि फवाऱ्याची टाकी रिकामी करून घासावी. नळीच्या आत बोटाला बुळबुळीत लागणारा थर असेल तर ती नळी धुऊन पुन्हा न लावता बदलून घ्यावी. ही भांडी स्वयंपाकघरातल्या मोरीत धुऊ नयेत आणि प्राण्याला हाताळल्यानंतर साबणाने हात धुवावेत, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विष्ठेतून साल्मोनेला माणसापर्यंत पोहोचतो. लहान मुलांच्या बाबतीत याकडे विशेष लक्ष द्यावे. आमच्याकडून घेतलेल्या फवाऱ्याच्या नळ्या, नोझल आणि फॉगरची टाकी दुकानात आणून दिल्यास त्या तपासून देण्याचे काम आम्ही विनामूल्य करतो.