पट्टी येईपर्यंत भाव कळायचा नाही

क्यूआर कोड, भौगोलिक मानांकन, थेट विक्री हे शब्द आता रत्नागिरी-देवगडच्या आंबा बागायतदारांच्या तोंडी सहज येतात. पण धंद्याचं हे शिक्षण सुरू झालं ते पट्टीपासून.

पट्टी म्हणजे मुंबईच्या दलालाकडून येणारा हिशेबाचा कागद. बागायतदार पेंढा घालून पेट्या भरायचा आणि रवाना करायचा. आधी क्रॉफर्ड मार्केटला, 1996 नंतर वाशीला. तिथे रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरे. मग कधीतरी पट्टी येई: पेट्या इतक्या, भाव इतका, वजा हमाली, वाहतूक, दलाली. फळ कुणाच्या घरी गेलं, गोड निघालं का, हे बागेत कळत नसे. माल आपला, गिऱ्हाईक मात्र दलालाचं.

त्यात उचल. मोहोर धरायच्या आधीच फवारणीला, राखणदाराला पैसे लागतात. ते दलाल देई, म्हणून माल त्याच्याच गाळ्यावर जाई. दलालाला शिव्या घालणं सोपं आहे; पण कागद न मागता, नुसत्या शब्दावर भांडवल पुरवणारा तोच होता, हेही खरं.

1972 साली दापोलीला कृषी विद्यापीठ आलं. 1981 मध्ये त्यांनी नीलम आणि हापूसच्या संकरातून ‘रत्ना’ ही आंब्याची जात काढली. तिच्यात साका, म्हणजे आतला गर पांढरट, स्पंजासारखा होण्याचा दोष, होत नाही. 1990 पासून रोजगार हमीतून फळबागांना शंभर टक्के अनुदान मिळू लागलं आणि कातळ फोडून कलमं लागली. हा सगळा भर पिकवण्यावर. विकायचं कसं, हा प्रश्न पुन्हा गाळ्यावरच जाऊन पडला.

नावाची किंमत उमगली ती नाव चोरीला गेल्यावर. कर्नाटकचा आंबा देवगडच्या पेटीत भरून विकला जाऊ लागला. 2018 मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघरच्या हापूसला भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या भागातल्याच मालाला ते नाव लावायचा हक्क, मिळालं, पण ते वापरायला प्रत्येक बागायतदाराला स्वतंत्र नोंदणी करावी लागते. त्याआधी 2014 मध्ये फळमाशी सापडली म्हणून युरोपने भारतीय आंबा बंद केला होता. तो 2015 च्या सुरुवातीला पुन्हा सुरू झाला. एकाच्या पेटीतली अळी सगळ्यांना भोवली.

मग 2020 ची टाळेबंदी. ऐन हंगामात बाजाराचं गणित कोलमडलं, आणि अनेकांनी व्हॉट्सॲपवर ऑर्डर घेऊन पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत पेट्या उतरवल्या. पैसे आगाऊ, भाव आपला. तक्रारही आपलीच. साका वरून दिसत नाही, आंबा चिरल्यावरच कळतो. पूर्वी असलं फळ कुणाच्या ताटात निघालं, याचा बागेत पत्ता नसे. आता ‘काका, दोन आंबे आत पांढरे निघाले’ असा फोन थेट बागेत येतो, आणि पुढच्या पेटीत दोन फळं जादा घालावी लागतात.