स्पंजाचे पोटभाडेकरू

ओखा म्हणजे द्वारकेच्या पुढचं, गाडी जिथे संपते ते स्टेशन. आज बडोद्यात विचारलं तर बहुतेक एवढंच सांगतील. पण ओखामंडळचा हा सगळा किनारा १९४९ मध्ये विलीनीकरण होईपर्यंत बडोदे संस्थानचा होता. १९०५-०६ मध्ये सयाजीराव महाराजांच्या सरकारनं जेम्स हॉर्नेल या सागरी प्राणिशास्त्रज्ञाकडून तिथल्या समुद्री जिवांची पाहणी करून घेतली. तिचा अहवाल दोन भागांत, १९०९ आणि १९१६ मध्ये लंडनला छापला गेला. हॉर्नेलनं गोळा केलेल्या स्पंजांचं वर्णन आर्थर डेंडी या स्पंजतज्ज्ञानं लिहिलं. प्रत्येकाचा आकार, रंग, सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे सुईसारखे काटे, सगळं त्यात आहे. मायक्रोबायॉलॉजीचा विद्यार्थी म्हणून मला त्या वर्णनांचं मोल फार वाटतं. समुद्रातून औषधं शोधण्याचा पुढचा इतिहास याच प्राण्यापासून सुरू होतो.

स्पंज जागचा हलत नाही. त्याला ना दात, ना नखं, ना कवच. एक किलोचा स्पंज दिवसभरात हजारो लिटर पाणी अंगातून गाळतो आणि त्यातले जंतू खातो. एवढं असून तो सडत नाही, माशांनाही फारसा आवडत नाही. म्हणजे त्याच्याकडे काहीतरी रसायन असणार. वर्नर बर्गमन या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाला १९४५ मध्ये फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर मिळालेल्या एका स्पंजात वेगळ्याच साखरेचे न्यूक्लिओसाइड, म्हणजे डीएनए-आरएनएच्या विटांसारखे रेणू, सापडले. त्यांच्याच धर्तीवर प्रयोगशाळेत सायटाराबिन हे औषध तयार झालं आणि १९६९ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. रक्ताच्या कर्करोगावर ते आजही देतात.

त्याच १९४५ साली इटलीच्या सार्डिनिया बेटावरच्या कॅल्यारी गावात जुझेप्पे ब्रोत्झू या डॉक्टरांना एका गोष्टीचं नवल वाटत होतं. गावाचं सांडपाणी समुद्रात मिसळायचं तिथेच पोरं पोहायची, तरी टायफॉइडचं प्रमाण अपेक्षेपेक्षा कमी. त्यांनी त्या पाण्यातून एक बुरशी वेगळी केली. ती टायफॉइडच्या जिवाणूंना मारत होती. पुढे ती ऑक्सफर्डला गेली, न्यूटन आणि एब्राहम यांनी तिच्यातून सेफॅलोस्पोरिन-सी काढलं आणि १९६४ मध्ये या कुळातलं पहिलं औषध बाजारात आलं. आज मेडिकलमधून आपण आणतो त्या ‘सेफ’ने सुरू होणाऱ्या नावांच्या गोळ्या याच घराण्यातल्या. ही बुरशी खरोखर समुद्राची की सांडपाण्याबरोबर आलेली, हा वाद करता येतो, आणि तोच वाद पुढे चाळीस वर्षं या विषयाच्या आड आला.

कारण जमिनीवरच्या मातीतल्या जिवाणूंपासून स्ट्रेप्टोमायसिन या प्रतिजैविकासारखं घबाड मिळालं होतं. समुद्रतळाच्या गाळात त्याच जातकुळीचे जिवाणू सापडले की ‘पावसानं वाहून आलेले बीजाणू’ म्हणून लोक पुढे जायचे. रोझेनफेल्ड आणि झोबेल यांनी १९४७ मध्येच समुद्री जिवाणू प्रतिजैविकं बनवतात असं दाखवलं होतं. १९६६ मध्ये बर्कहोल्डर यांनी प्वेर्तो रिकोच्या समुद्रगवतावरच्या जिवाणूतून असा पदार्थ काढला, ज्याच्या वजनात ७० टक्क्यांहून जास्त ब्रोमीन होतं. कच्छच्या मिठागरांत मीठ काढून उरलेल्या पाण्यातून ब्रोमीन मिळवतात, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. समुद्रातला जिवाणू तेच ब्रोमीन उचलून हत्यार घडवतो, हे कळलं तेव्हा मी थक्क झाले होते.

वाद मिटवला तो सॅलिनिस्पोरा नावाच्या जिवाणूंनी. कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स या सागरविज्ञान संस्थेतल्या पॉल जेन्सन आणि विल्यम फेनिकल यांना बहामाच्या समुद्रतळाच्या गाळात हे जिवाणू मिळाले. पद्धत साधी, पण धीराची. ओला गाळ रात्रभर वाळवायचा, निर्जंतुक केलेल्या फोमच्या बोळ्यानं टिपायचा आणि समुद्राच्या पाण्यात बनवलेल्या अगरच्या, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीच्या, प्लेटवर शिक्के मारत जायचं. मग प्लेटा बाजूला ठेवून आठवडेच्या आठवडे वाट बघायची. अगरमध्ये रुतलेल्या नारिंगी कॉलनी, म्हणजे जिवाणूंचे पुंजके, उगवतात आणि बीजाणू धरले की काळ्या पडतात. त्याच प्लेटमधल्या समुद्राच्या पाण्याऐवजी गोडं पाणी वापरलं तर काहीच उगवत नाही. वाहून आलेला पाहुणा असा वागत नाही, हा तिथलाच रहिवासी. २००३ मध्ये याच जिवाणूतला सॅलिनोस्पोरामाइड-ए हा पदार्थ प्रसिद्ध झाला. कर्करोगाच्या पेशींमधली टाकाऊ प्रथिनं कुटणारी यंत्रणाच तो बंद पाडतो. मेंदूच्या गाठीवरच्या मोठ्या चाचणीत मात्र त्यानं रुग्णांचं आयुष्य वाढलं नाही. याचं वाईट वाटतं, पण ते सांगायलाच हवं.

बडोद्याच्या माणसाला या गोष्टीतला कारखान्याचा भाग चटकन समजेल. इथल्या कलाभवन या तंत्रशिक्षण संस्थेचे पहिले प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर आणि त्यांचे शिष्य कोटीभास्कर व अमीन यांनी १९०७ मध्ये अलेम्बिक ही कंपनी उभी केली. पुढे तिथे पेनिसिलिन बनलं, आणि टाकीत सूक्ष्मजीव पोसून औषध काढणं हे या शहराचं नेहमीचं काम झालं. टाकी स्टीलची आणि मिठाचं पाणी स्टीलला खातं. सॅलिनोस्पोरामाइड चाचण्यांपुरतं बनवायचं तरी खाऱ्या पाण्यातलं फर्मेंटेशन नव्यानं बसवावं लागलं.

आता पुन्हा स्पंजाकडे. काही जातींच्या स्पंजांत वजनाचा तिसरा हिस्सा तरी जिवाणूंचाच असतो. घर स्पंजाच्या नावावर, पण रसायनं बरीचशी या पोटभाडेकरूंची, असं जनुकं वाचता येऊ लागल्यावर एकेक करून दिसू लागलं. सगळ्यात स्पष्ट उदाहरण स्पंजाचं नाही, तर खारफुटीच्या मुळांना लगडणाऱ्या पिशवीसारख्या एका कॅरिबियन प्राण्याचं. त्याच्यापासून ट्रॅबेक्टेडिन हे कर्करोगाचं औषध आलं. एक ग्रॅमसाठी सुमारे एक टन प्राणी लागायचे. एवढे उपसले तर समुद्रात उरणार काय? नंतर कळलं की औषध बनवतो तो त्या प्राण्याच्या अंगात राहणारा जिवाणू, आणि त्याला बाहेर प्लेटवर वाढवणं जमत नाही. मार्ग निघाला तो दुसऱ्याच बाजूनं. *स्यूडोमोनास फ्लुओरेसेन्स* हा साधा जिवाणू सॅफ्रासिन-बी नावाचा मिळताजुळता पदार्थ बनवतो. त्याला टाकीत वाढवून तो पदार्थ काढतात आणि उरलेल्या पायऱ्या रसायनशाळेत पुऱ्या करतात. २००७ मध्ये युरोपात मान्यता मिळालेलं ट्रॅबेक्टेडिन असं तयार होतं, आणि त्यासाठी खारफुटीतला एकही प्राणी उपसावा लागत नाही.