पायथनमधील सॉकेट टाइमआउट

पायथन प्रोग्रामने नेटवर्कवरून डेटा घेताना किती वेळ वाट पाहायची, याची मर्यादा म्हणजे सॉकेट टाइमआउट. नव्या सॉकेटला, म्हणजे नेटवर्क जोडणीच्या प्रोग्रामकडील टोकाला, ती मुळात नसते. त्यावर रिसीव्ह केले, म्हणजे आलेला डेटा मागितला, आणि पलीकडून काहीच आले नाही, तर प्रोग्राम त्याच ओळीवर अडकून राहतो. पलीकडचे यंत्र अचानक बंद पडले तरी टीसीपीवर (जोडणी करून डेटा क्रमाने पोचवणाऱ्या पद्धतीवर) नुसत्या ऐकत बसलेल्या टोकाला ते कळेलच असे नाही.

मर्यादा सेकंदांत 'सेटटाइमआउट'ला द्यायची, अपूर्णांकही चालतो. 'नन' दिले तर वाट अमर्याद. शून्य दिले तर वाट अजिबात नाही आणि डेटा हाताशी नसला की लगेच 'ब्लॉकिंगआयओएरर'. धन संख्या दिली असता मुदत सरल्यावर 'टाइमआउटएरर' येतो. 2021 मधल्या 3.10 आवृत्तीपासून जुने 'सॉकेट.टाइमआउट' हे त्याचेच दुसरे नाव झाले आहे.

खरी गफलत पुढे होते. ही मुदत प्रत्येक रिसीव्हला नव्याने मिळते, संपूर्ण संदेशाला नाही. मुदत 5 सेकंदांची असेल आणि सर्व्हर दर 4 सेकंदांनी एकेक बाइट सोडत असेल, तर हजार बाइट यायला तासाहून अधिक वेळ लागेल, तरी टाइमआउट होणार नाही. लोकप्रिय 'रिक्वेस्ट्स' लायब्ररीतील टाइमआउटही एकूण डाउनलोडला लागू होत नाही (आणि सांगितल्याशिवाय तो लागतच नाही, हे तर फारच महागात पडते). एकूण वेळ बांधायचा तर 'टाइम.मोनोटॉनिक'ने अखेरची वेळ आधी ठरवावी आणि दर फेरीला उरलेली सेकंदे सॉकेटला द्यावीत. साधे घड्याळ मध्येच मागेपुढे केले जाऊ शकते, म्हणून कधीच मागे न जाणारे मोनोटॉनिक. उरलेला वेळ शून्य किंवा ऋण झाला की तिथेच थांबावे: शून्याने सॉकेट नॉन-ब्लॉकिंग (अजिबात वाट न पाहणारा) होतो, ऋण संख्येने 'व्हॅल्यूएरर' येतो. सगळा डेटा पाठवणारे 'सेंडऑल' मात्र 3.5 पासून मुदत एकूण वेळेचीच मानते.

टीसीपीवर रिसीव्हने रिकामे बाइट दिले, तर तो टाइमआउट नव्हे. समोरच्याने पाठवणे संपवले आहे. उलट टाइमआउटनंतर जोडणी शाबूत असू शकते, म्हणून तोवर आलेला अर्धा संदेश बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) जपावा. सॉकेटवर 'मेकफाइल'ने बनवलेल्या फाइलवर ही सोय धरू नये, कारण टाइमआउट झाला की तिच्या आतल्या बफरचा भरवसा राहत नाही. यूडीपीत, म्हणजे जोडणीशिवाय सुटी पॅकेटे पाठवण्याच्या पद्धतीत, तर हरवलेल्या पॅकेटची वर्दी कोणीच देत नाही. तिथे टाइमआउट लावून पुन्हा मागणी करावी लागते.

असिंकआयओमध्ये (एकाच वेळी अनेक कामे हाताळणाऱ्या पायथनच्या लायब्ररीत) 3.11 पासून 'असिंकआयओ.टाइमआउट' आहे. त्याची मुदत संपूर्ण ब्लॉकला, म्हणजे त्यात लिहिलेल्या सगळ्या कोडला, लागू होते, त्यामुळे वरचा हिशेब हाताने करावा लागत नाही.